आवणीची माणसं जेवली का?

नळी घालायची की नाही, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नव्हती. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, जेवण टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल, त्यातूनच पातळ अन्न द्यायचं. नणंदबाई म्हणायच्या, घाला. आमचे हे म्हणायचे, बघू. आणि मी म्हणायचे, माझ्या अंगात जीव आहे तोवर नाही.

मला कारण होतं. माझ्या वडिलांना शेवटी नळी घातली होती. ते ती सारखी ओढून काढायचे, म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधून ठेवले. ज्या माणसाने जन्मभर बैल वळवले, त्याला नाकावरची माशी उडवता येईना. मनगटावर काळे वळ उठलेले ते हात मला अजून दिसतात. आत्याबाईंचं आणि माझं कधी फार गूळपीठ नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्यांचे हात कुणी बांधलेले मला बघवणार नव्हते. मग कुणी काहीही म्हणो.

आत्याबाई पवनेकडच्या. सगळा जन्म भातखाचरात गेला. सासरे गेल्यावर शेत वाट्याने दिलं आणि त्यांना आम्ही लोणावळ्याला आमच्याकडे आणलं. भुशीला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं घर आहे, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर. हे उर्स्याला कंपनीत कामाला, सकाळी कंपनीच्या बसने जातात. मी डबे करते. आमच्याकडे जवळजवळ वर्षभर कुणाचा ना कुणाचा बंगला बांधायचं काम चाललेलं असतं, त्यामुळे गवंडी, रंगारी, फरशीवाले यांना डबे लागतात.

आजार पहिल्यांदा ध्यानात आला तो तांदूळ निवडताना. आत्याबाई ताट घेऊन पडवीत बसल्या होत्या. मी जाऊन बघते तर खडे ताटात आणि तांदूळ अंगणात. कोंबड्यांची चंगळ चाललेली. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, हे काय?" तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिसत न्हाई व्हय? निवडतीया." एवढ्या ठसक्यात, की क्षणभर मलाच वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

मग सुरू झाले उपाय. बाई गं, काय काय उपाय! डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. वर ब्राह्मीचं तूप आलं, शंखपुष्पीचं सरबत आलं. कुणी सांगितलं ओंकार म्हणायला लावा, तर आत्याबाई डोळे मिटून बसायच्या आणि घोरायला लागायच्या. यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवलं की अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. मी म्हटलं, मग फणस खायला घाला, तो तर अख्ख्या डोक्याएवढा असतो. कामशेतच्या बाजारातून पोरांचं चित्रं जुळवायचं कोडं आणलं, त्याचे तुकडे त्यांनी चुलीत घातले. या सगळ्यातलं एकच मला मनापासून पटलं, ते म्हणजे काशाची वाटी. संध्याकाळी तळपायाला तेल लावून वाटीने घासलं की त्या शांत व्हायच्या. आजार बरा होत नव्हता, पण कपाळावरची आठी जायची. तेवढंही आम्हाला पुष्कळ होतं.

आणि बघायला येणारे लोक! पडवीत पाय टाकायच्या आधी परीक्षा सुरू. "मला ओळखलं का? सांगा बघू मी कोण?" शाळेतल्या इन्स्पेक्टरने पोरांना उठवून विचारावं तसं. त्या बिचाऱ्या हसून वेळ मारून न्यायच्या, आणि माणूस गेला की घटकाभर पदराचं टोक चावत बसायच्या. मला इतका राग यायचा, वाटायचं या एकेकाला धरून विचारावं, तुम्हाला तरी कळलंय का या कोण ते?

पण जेवणाचं मात्र आम्हालाही कळत नव्हतं.

घरातलं म्हातारं माणूस, त्यात आजारी, म्हणून आम्ही त्यांना सगळ्यांच्या आधी वाढायचो. पाट मांडायचा, नवं ताट काढायचं, मऊ भात, वर तूप. बाकीच्यांची जेवणं मग. आत्याबाई पाटावर बसायच्या, ताटाकडे बघायच्या आणि त्यावर दुसरं ताट झाकून ठेवायच्या. मग उठून दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या. हात धरून परत बसवलं की ओठ घट्ट मिटायचे. मी चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. यांनी एकदा गोड बोलून, मग चिडून घास तोंडात घातला, तर तो तसाच गालात धरून ठेवला. नणंदबाईंना वाटलं, आई कुणावर तरी संशय घेते. कुणावर म्हणजे कुणावर, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बघितलं मात्र माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूक मरते. बांगड्या मनगटातून कोपरापर्यंत सरकायला लागल्या, लुगड्याच्या निऱ्या राहीनात. नळीचं बोलणं तेव्हा निघालं.

लोणावळ्यात महिन्यातून एकदा अशा पेशंटांच्या घरच्या माणसांना बोलावतात, एका हॉलमध्ये. शेजारणीने सांगितलं म्हणून गेले. तिथे समुपदेशन करणाऱ्या एक बाई होत्या. मी आपली विचारायला गेले होते की भूक वाढवायला काय द्यावं. तर त्या मलाच विचारतात, "तुमच्या सासूबाई आयुष्यभर कधी जेवायच्या?"

मी म्हटलं, "जेवायच्या वेळेला."

सगळे हसले. त्या बाईही हसल्या. म्हणाल्या, "घड्याळातली वेळ नाही हो विचारत. कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर? कुठे बसून? आजार विचारू नका, माणूस विचारा. त्या कोण होत्या ते बघा, मग काय करायचं ते सापडेल."

माझं डोकंच फिरलं. एवढा रिक्षाचा खर्च करून, डबे लवकर उरकून मी गेले, आणि औषध नाही की पाणी नाही, वर कोडी घालतात. घरी येऊन यांना म्हटलं, "माणूस विचारा म्हणे! या बाईला माझ्या सासूबरोबर एक दिवस ठेवा, मग कळेल माणूस."

त्यानंतर मे संपता संपता आम्ही घरावर प्लास्टिक टाकायला माणसं बोलावली. आमच्याकडे पावसाआधी हे करावंच लागतं, नाहीतर भिंती पाणी पितात. दुपारी काम अर्ध्यावर होतं, म्हणून मी त्या माणसांना म्हटलं, जेवूनच घ्या. पडवीत पंगत बसली. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, सुकट. आत्याबाईंचं ताट नेहमीसारखं आत झाकून पडलेलं. त्या बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून माणसांकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्याला कालवण न्हाई ऱ्हायलं. वाढ की. बघतीस काय?"

मी वाढलं. त्यांनी दुसऱ्याकडे बोट केलं. त्यालाही वाढलं. माणसं हात धुऊन उठली. आत्याबाई म्हणाल्या, "जेवली समदी?" मी म्हटलं, "जेवली." त्या आत गेल्या, पाट बाजूला सारला, भुईवर फतकल मारून बसल्या, ताटावरचं झाकण काढलं आणि जेवायला लागल्या. हाताने, नीट कालवून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. शेवटचं शीत बोटाने टिपून त्यांनी ताटात हात धुतला.

पवनेकडे इर्जिक असायची. आवणीच्या दिवसांत सगळा गाव मिळून एकाच्या खाचरात रोपं लावायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्याने जेवू घालायचं. आत्याबाईंच्या हाताखाली मी नवी नवरी असताना असा स्वयंपाक केलाय, टोपलीभर भाकऱ्या. आणि नियम असा, की गुडघाभर चिखलातून आलेली माणसं पोटभर उठल्याशिवाय घरच्या बाईने घास तोंडात घालायचा नाही. आधी जेवली तर लोक नावं ठेवायचे. पिढ्यान् पिढ्या ठेवायचे. आणि आम्ही शहाणे, मान द्यायचा म्हणून त्या बाईला रोज पहिल्या पंगतीला एकटीला बसवत होतो! तिच्या दृष्टीने माणसं अजून खाचरात, उपाशी, आणि सून तिच्या तोंडात तूपभात कोंबतेय. तोंड मिटणार नाहीतर काय करणार?

समुपदेशनवाल्या बाईंना मी मनातल्या मनात हात जोडले. तोंडाने काही बोलले नाही, तेवढा माझा स्वभाव नाही.

मग मी डबेच बंद केले आणि पडवीत पंगत सुरू केली. शेजारच्या बंगल्याचं छत झालं होतं, आतलं काम पावसातही चालू होतं, तिथले लोक दुपारी यायचे, जेवायचे. आत्याबाई चौकटीला टेकून लक्ष ठेवायच्या, कुणाच्या ताटात काय कमी ते सांगायच्या. सगळे उठले की स्वतः जेवायच्या. गवंड्यांनाही सवय झाली. जाताना म्हणायचे, "आजी, पोट भरलं बरं का." त्यांच्या तोंडावर तेव्हा जे यायचं, ते मी लग्न होऊन आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. निऱ्या परत राहू लागल्या. डॉक्टरांनी काटा बघितला आणि नळीचा विषय काढला नाही. ते महिने चांगले गेले. मी हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण नंतरचं सगळं आठवताना ते महिने निसटतात.

त्याच महिन्यांतली एक दुपार. पंगत उठली होती, मी खरकटी काढत होते. आत्याबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू कुटली गं? कुणाच्या घरची?" मी काही बोलायच्या आत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लय दमलीस. सकाळधरनं बघतीया. बस, आदी जेव. काम काय, पळून जातंय का?"

लग्नाला एवढी वर्षं झाली. दोन बाळंतपणं झाली, तापात भाकऱ्या थापल्या. या बाईने मला कधी विचारलं नव्हतं, जेवलीस का म्हणून. आणि आज विचारलं, ते मी त्यांची सून नव्हते म्हणून! मी कुणा परक्याच्या घरची, आवणीला आलेली बाई होते म्हणून. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. राग आला होता की रडू, माझं मलाच सांगता येईना. दोन्ही होतं. संध्याकाळी यांना सांगितलं तर म्हणाले, "आजारी आहे गं, मनावर घेऊ नको." मी म्हटलं, "घेणार. एवढंच मिळालंय, ते तरी घेऊ द्या."

त्यांना मी कधीच सांगितलं नाही, की मी तुमची सून. त्या वाढायच्या, मी जेवायचे, मग त्या जेवायच्या.

नणंदबाई दिवाळीत आल्या आणि पडवीतली पंगत बघून त्यांचा पारा चढला. "माझ्या आईला मजुरांच्या मागून जेवायला घालतेस? त्यांचं उरलंसुरलं?" मी सांगायला गेले, त्या ऐकून घेईनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुरणपोळी केली, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि कुणी यायच्या आत आईला बसवलं. आत्याबाईंनी ताटावर ताट झाकलं. नणंदबाईंनी घास पुढे केला, ओठ मिटले. "आई, मी आहे गं, मी, तुझी लेक." आत्याबाई उठून दारात गेल्या आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माणसं न्हाई आली अजून. ह्या बाईला कळत कसं न्हाई?"

नणंदबाई रांगोळीशेजारी बसून हमसून हमसून रडल्या. मी त्यांना पाणी दिलं. भांडायला आलेल्या माणसाचं असं व्हावं, यात मला काही आनंद झाला नाही. दुपारी त्यांनी स्वतः गवंड्यांना पुरणपोळी वाढली आणि मग आईच्या शेजारी भुईवर बसून जेवल्या. जाताना म्हणाल्या, "तू करतेस ते कर. पण वजन उतरलं तर मात्र नळी. मी आईला उपाशी मरू देणार नाही." मी कबूल केलं. दुसरं काय म्हणणार?

पुढचा पावसाळा आला तसं वजन उतरायला लागलं.

शेजारचा बंगला पुरा झाला होता, बाकीची बांधकामं पावसाने थांबली, गवंडी गावाकडे गेले. धुकं असं, की पडवीतून रस्ता दिसायचा नाही. पंगतीला उरले मी आणि हे, आणि हे तर सुट्टीच्या दिवशीच. आत्याबाईंचे शब्द गेले, बरेचसे. चालणं गेलं. मी त्यांना भिंतीला उशी लावून बसवायचे, ताट पुढ्यात ठेवायचे आणि समोर बसून आधी आपण जेवायचे. काही दिवस जमलं. मग एकदा माझं जेवण झालं तरी त्या जेवेनात. त्यांनी स्वतःच्या ताटातला भात कालवला, चांगला घास केला, आणि माझ्या तोंडापुढे धरला.

मी म्हटलं, "माझं झालं, आता तुम्ही." त्यांनी मान हलवली. हात तसाच पुढे. मी त्यांचं मनगट धरून घास त्यांच्याकडे वळवला, तर डोळ्यांत अशी भीती आली, जणू मी त्यांच्या हातून पाप करवते आहे. म्हणून मी तो घास घेतला. त्यांनी दुसरा केला. मी तोही घेतला. "तुजं होऊ दे," म्हणाल्या, "मग मी." असं करत करत त्यांचं सगळं ताट मी संपवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी चावत होते. त्या दिवशी त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नाही. माझं मात्र गच्च भरलं.

दुसऱ्या दिवशी तेच. मी ताटात जास्त वाढून बघितलं, तेवढंही त्यांनी मलाच भरवलं. मी न जेवता बसून बघितलं, तर माझ्या तोंडाजवळ हात धरून त्या रडायला लागल्या. मागून चमच्याने पेज द्यायला गेले, गिळताना ठसका लागला, डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, आता ठरवा. नणंदबाईंचा फोन आला, "तू कबूल केलं होतंस." हे माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, "उद्या रजा टाका. काय करायचं ते करा, पण आधी एकदा आईसमोर जेवायला बसा."

त्यांनी रजा टाकली. बाहेर पाऊस लागला होता, प्लास्टिकवर नुसता दणदणाट. मी ताट ठेवलं आणि बाजूला झाले. हे आईसमोर मांडी घालून बसले. आत्याबाईंनी लेकाकडे पावण्याकडे बघावं तसं बघितलं, हसल्या, घास केला आणि पुढे धरला.

यांनी आधी तो परतवला. म्हणाले, "आई, तू खा. तुझ्या पाया पडतो, तू खा." त्यांचा हात हटला नाही. "लाजू नगा," म्हणाल्या. शब्द फुटत नव्हते, पण तेवढं फुटलं. एवढा मोठा बाप्या माणूस, केस पिकलेला, त्याने तोंड उघडलं. एकेक घास घेत राहिला. मध्येच म्हणाला, "अगं, आईने मला असं कधी भरवलंय तेही आठवत नाही." आत्याबाई त्याची हनुवटी पुसत होत्या.

ताट संपलं. आत्याबाईंनी त्यात हात फिरवून बघितला, काही उरलंय का ते. काही नव्हतं. मग त्यांनी ते रिकामं ताट सावकाश स्वतःपुढे ओढलं, पदर नीट केला, पुष्कळ राबून झालेल्या बाईने शेवटी एकदाचं बसावं तशा बसल्या, आणि त्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "पुरलं."

हे उठून पडवीत गेले. बहिणीला फोन लावला. तिकडून तिचा आवाज मला आत ऐकू येत होता, "आई जेवली का? अरे बोल ना, जेवली का?" यांनी फोन कानावरून खाली घेतला. मी जाऊन त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ताई," म्हटलं, "त्यांनी सगळ्यांना जेवू घातलं. आता त्यांचे हात कुणी बांधू नका."

मग त्या म्हणाल्या, "मी येते."